शाळकरी मुलांची उंची : काय आपल्या हातात आहे, काय नाही



वार्षिक परीक्षा संपून सुटी लागली की आमच्याकडे येणाऱ्या पत्रांचा विषय बदलतो. मार्चपर्यंत अभ्यास आणि मोबाईल, मे महिन्यात मात्र "मुलाची उंची वाढत नाही, काय खायला द्यावे?" हे पत्र ठरलेले. कारण उघड आहे. सुटीत सगळे नातेवाईक एका घरात जमतात, चुलत-मावस भावंडे शेजारी शेजारी उभी राहतात आणि एखादी फुफी नाही तर खाला सहज बोलून जाते, "अगं, हा नववीत ना? आमचा सातवीतला याच्यापेक्षा उंच दिसतो." बोलणारी विसरून जाते, मुलगा विसरत नाही.

यंदाच्या तीन पत्रांवरून आम्ही हा विषय घेतला. एका मुलाला पोलीस भरतीत जायचे आहे. तिथे मुलांना किमान 165 सेंटिमीटर आणि मुलींना 155 सेंटिमीटर उंची लागते, म्हणून त्याचे अब्बू आतापासून धास्तावले आहेत. दुसरे पत्र एका दादीचे. नात चौदा वर्षांची, ठेंगणी, पुढे रिश्ता कसा जमणार ही त्यांची काळजी. तिसरे पत्र एका आईचे आहे. त्यात प्रश्न थोडा आणि दुखणे जास्त आहे. मुलगा बुटका राहिला तो "आईवर गेला" म्हणून, असे सासरी तिला उठता-बसता ऐकवले जाते.

या शेवटच्या पत्रापासूनच सुरुवात करू.

उंची वारशाने मिळते हे खरे. ज्या समाजात मुलांना पोटभर, सकस खायला मिळते तिथे माणसामाणसांच्या उंचीतला सुमारे 80 टक्के फरक अनुवंशिकतेचा असतो, असे जुळ्या भावंडांच्या अभ्यासांतून दिसले आहे. पण उंचीचे असे एकच 'जनुक' नसते. 2022 मध्ये 50 लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून जो मोठा अभ्यास प्रसिद्ध झाला, त्यात उंचीशी संबंध असलेली 12 हजारांहून अधिक जनुकीय ठिकाणे सापडली. ती निम्मी अम्मीकडून येतात, निम्मी अब्बूकडून. कोणाकडून कोणती यायची, हे ना आईच्या हातात आहे ना बापाच्या. त्यामुळे या बाबतीत सुनेला बोल लावण्याला शास्त्राचा काडीचाही आधार नाही. धर्माचा तर नाहीच.

मुलाची उंची साधारण कुठवर जाईल याचा अंदाज बांधायची एक सोपी रीत मुलांचे डॉक्टर वापरतात. आई आणि वडील दोघांची उंची सेंटिमीटरमध्ये घेऊन बेरीज करायची. मुलगा असेल तर त्यात 13 मिळवायचे, मुलगी असेल तर 13 वजा करायचे, आणि आलेल्या आकड्याचे निम्मे करायचे. समजा अब्बू 168 आणि अम्मी 152 आहेत. मुलासाठी 168 अधिक 152 अधिक 13, म्हणजे 333, त्याचे निम्मे साडे 166. मुलीसाठी साडे 153. हा आकडा म्हणजे काळ्या दगडावरची रेघ नव्हे. त्याच्या खाली-वर साधारण आठ सेंटिमीटर धरायचे. म्हणजे याच घरातला एक भाऊ 160 चा आणि दुसरा 173 चा निघाला तरी दोघेही अगदी निरोगी असू शकतात. पोलीस भरतीची काळजी करणाऱ्या भाईंनी हा हिशेब आधी करून पाहावा. आणि तो करताना स्वतःची उंची भिंतीला उभे राहून मोजावी. निकाहनाम्याच्या वेळी बायोडेटात लिहिलेली घेऊ नये!

मग सगळे वारशानेच ठरत असेल तर खाण्यापिण्याची एवढी चर्चा कशाला? कारण वारसा फक्त मर्यादा आखून देतो. त्या मर्यादेपर्यंत मूल पोहोचेल की नाही, हे घर ठरवते. इराणचे उदाहरण पाहा. 1896 मध्ये जन्मलेल्या आणि 1996 मध्ये जन्मलेल्या इराणी पुरुषांची तुलना केली तर शंभर वर्षांत सरासरी उंची सुमारे साडेसोळा सेंटिमीटरने वाढलेली दिसते. दक्षिण कोरियातल्या स्त्रियांची तर वीस सेंटिमीटरने. शंभर वर्षांत कोणत्याही कौमचे रक्त बदलत नाही. बदलले ते जेवण, पाणी, लसी, आजारपणे आणि आयांची तब्येत. जागतिक आरोग्य संघटनेने लहान मुलांच्या वाढीचे जे तक्ते 2006 मध्ये काढले, त्यासाठी ब्राझील, घाना, भारत, नॉर्वे, ओमान आणि अमेरिका या सहा देशांतली, चांगल्या घरांत वाढणारी, आईचे दूध मिळालेली मुले मोजली होती. पाच वर्षांपर्यंत ती जवळजवळ सारखीच वाढत होती. "आपल्या लोकांची ठेवणच लहान" हे वाक्य आपण किती सहज बोलतो, पण दिल्लीचे चांगले पोसलेले मूल ओस्लोच्या मुलाच्या बरोबरीने वाढते.

आणि आपल्याकडची वस्तुस्थिती काय आहे? 2019 ते 2021 च्या राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणात पाच वर्षांखालची 35.5 टक्के भारतीय मुले वयाच्या मानाने खुजी आढळली. महाराष्ट्रही त्याच आसपास, म्हणजे तीनांतले एक मूल. शाळेत जाणाऱ्या मुलाची उंची पाहताना हा आकडा विसरता येत नाही, कारण उंचीचा मोठा भाग शाळेचे तोंड पाहण्याआधीच ठरलेला असतो. मूल जन्मते तेव्हा साधारण 50 सेंटिमीटर असते. पहिल्या वर्षात ते सुमारे 25 सेंटिमीटर वाढते, दुसऱ्या वर्षात 12. पुढे वेग मंदावत जातो आणि चार वर्षांपासून वयात येईपर्यंत दरवर्षी पाच-सहा सेंटिमीटरच वाढ होते. जे दोन वर्षांत हुकते ते पुढे काही प्रमाणात भरून निघते, सगळे नाही. कुरआनात सूरह बकराच्या 233 व्या आयतीत बाळाला पूर्ण दोन वर्षे दूध पाजण्याचा उल्लेख आहे, हे आपल्या बहुतेक भगिनींना माहीत असते. सहा महिन्यांनंतर दुधासोबत घट्ट खिचडी, अंडे, कुस्करलेली मासळी, केळे हेही लागते, याची माहिती मात्र तेवढी पोहोचलेली नाही. आठ-नऊ महिन्यांच्या बाळाला डाळीचे वरचे पाणी आणि चहात बुडवलेले बिस्किट देणारी घरे आजही पुष्कळ आहेत.

याच्याही मागे जायचे तर गरोदरपण येते, आणि इथे एका नाजूक विषयाला हात घालावा लागतो. इंडोनेशियातल्या हजारो प्रौढ माणसांची माहिती घेऊन 2013 मध्ये एक अभ्यास प्रसिद्ध झाला. ज्यांचा गर्भकाळ रमजानच्या महिन्याशी जुळला होता त्यांची इतरांशी तुलना त्यात केली होती. असे लोक थोडे सडपातळ आढळले आणि ज्यांची गर्भधारणाच रमजानमध्ये झाली होती ते उंचीनेही किंचित कमी, एक सेंटिमीटरहून कमीच, भरले. कोणत्या आईने रोजे ठेवले होते आणि कोणत्या आईने नाही, हे या अभ्यासात नोंदलेले नव्हते, फक्त तारखा जुळवल्या होत्या. त्यामुळे यावरून कोणी छाती ठोकून निष्कर्ष काढू नये. आमचे म्हणणे एवढेच आहे, की स्वतःच्या किंवा बाळाच्या तब्येतीला धोका वाटत असेल तर गरोदर आणि दूध पाजणाऱ्या आईला शरीअतने सवलत दिली आहे. कजा केव्हा, फिदया कोणावर, यात हनफी आणि शाफई मसलकांत थोडा फरक आहे. कोकणातल्या भगिनींनी आणि देशावरच्या भगिनींनी ते आपापल्या आलिमांना विचारावे. पण "आमच्या वेळी आम्ही सगळे रोजे ठेवले, काही झाले नाही" असे म्हणून सुनेला ती सवलत घेताना शरमिंदे करणे हे ना दीन आहे ना शहाणपण.

लगे हाथ मुलांच्या रोजांचेही सांगून टाकतो, कारण तो प्रश्न दर रमजानला येतो. सात-आठ वर्षांच्या मुलाने हौसेने एक-दोन रोजे ठेवले, घरात रोजाकुशाई झाली, याने उंचीवर काही परिणाम होत नाही. वयात येण्याआधी रोजा फर्ज नाही. मूल कडक उन्हाळ्यात मलूल झाले तर दुपारी पाणी पाजून रोजा सोडवावा, त्यात कमीपणा कसला?

आता शाळकरी वयाकडे येऊ. या वयात काय खाल्ल्याने फरक पडतो, याचा एक जुना आणि फार स्वच्छ प्रयोग आहे. इंग्लंडमध्ये लंडनजवळच्या एका मुलांच्या वसतिगृहात कॉरी मान नावाच्या डॉक्टरांनी तो केला आणि 1926 मध्ये त्याचा अहवाल आला. वसतिगृहातले जेवण त्या काळच्या मानाने पुरेसे समजले जात होते. काही मुलांना तेच जेवण दिले. काहींना त्यावर रोज अर्ध्या लिटरहून थोडे जास्त दूध दिले, इतर गटांना साखर, लोणी वगैरे दिले. वर्षभरात नेहमीच्या जेवणावरची मुले सरासरी 4.7 सेंटिमीटर वाढली, दूध मिळालेली 6.7 सेंटिमीटर. दोन सेंटिमीटरचा फरक, तोही एका वर्षात, आणि पोट भरलेल्या मुलांत! साखर मिळालेल्यांना एवढा फायदा झाला नाही. म्हणजे नुसते पोट भरणे आणि वाढीला लागणारे अन्न मिळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत.

आपल्या दस्तरखानाकडे या नजरेने पाहावे. मुस्लिम घर म्हटले की रोज गोश्त शिजते, असा बाहेरच्यांचा समज असतो. यंत्रमागाच्या गावांत, बांधकामावरच्या मजुरांच्या घरांत, रिक्षावाल्याच्या घरात तो किती खरा आहे, हे आपल्यालाच ठाऊक. आठवड्यातून एकदा पाव किलो गोश्त आणि त्यात रश्शाची चरवी भरून, आठ माणसे. बोटी अब्बूंच्या आणि मोठ्या मुलाच्या ताटात, मुलींना बटाटा आणि रस्सा. सकाळी चहा-खारी किंवा चहा-पाव, शाळेत पाच रुपयांचे कुरकुरे. यात पोट भरते, पण हाड वाढायला लागणारी प्रथिने, कॅल्शियम आणि जस्त कुठून येणार? महाग गोष्टी सांगायच्या नाहीत, असे आम्ही या सदरात ठरवलेले आहे. एक अंडे, मूठभर भाजलेले चणे-शेंगदाणे, जाड डाळ, दही, नाचणीची भाकरी किंवा खीर, तीळ, अळीव हे परवडण्यासारखे आहे. किनाऱ्यावरच्या घरांना तारली, मोदके, सुका जवळा स्वस्तात मिळतो, आणि बारीक मासळी काट्यासकट खाल्ली तर कॅल्शियमही मिळते. चहा जेवणाबरोबर नको, कारण त्याने अन्नातले लोह अंगी लागत नाही. तासभर मागे-पुढे प्यावा. मीठ आयोडीनचेच आणावे, खड्याचे मीठ लोणच्यापुरते ठेवावे, कारण आयोडीन नसेल तर थायरॉईड मंदावते आणि वाढही थांबते.

मुलींच्या ताटाबद्दल आम्ही मुद्दाम लिहीत आहोत. सीमा जयचंद्रन आणि रोहिणी पांडे या दोन अर्थशास्त्रज्ञांनी 2017 मध्ये भारतातल्या आणि आफ्रिकेतल्या मुलांच्या उंचीची तुलना केली. भारतातल्या पहिल्या अपत्याला विशेष तोटा दिसत नाही. दुसरे, तिसरे, चौथे असे खाली यावे तशी उंची घसरत जाते, आणि मुलाची हौस हे त्यामागचे एक मोठे कारण असल्याचे त्यांनी दाखवले. आपल्या दीनमध्ये मुलींच्या संगोपनाला केवढा दर्जा आहे, हे आपण जलशांत ऐकतो. ताट वाढताना ते आठवले पाहिजे. बाळंतपणांत पुरेसे अंतर ठेवणे हेही याच्याशीच जोडलेले आहे, कारण आईचे शरीर भरून यायला वेळ लागतो.

आता पोटाच्या आजारांविषयी. मूल खाते, पण दर पंधरा दिवसांनी जुलाब, ताप, खोकला. मग खाल्लेले जाते कुठे? आजाराशी लढण्यात. मुस्लिम कुटुंबे हिंदू कुटुंबांपेक्षा सरासरीने गरीब असूनही त्यांच्यात बालमृत्यू कमी, हे संशोधकांना बराच काळ कोडे वाटत होते. उघड्यावर शौचाला जाण्याचे प्रमाण आपल्या वस्त्यांत कमी, हे त्याचे एक मोठे कारण असल्याचे 2018 च्या एका अभ्यासात मांडले गेले. पाकीचा जो सबक आपल्याला लहानपणी मिळतो त्याचा हा रोकडा फायदा. पण यावर समाधान मानून बसण्यासारखे नाही. त्याच वर्षी बांगलादेशातल्या एका मोठ्या प्रयोगाचे निष्कर्ष आले. काही कुटुंबांना चांगले संडास, पाणी शुद्ध करण्याची सोय, हात धुण्याची व्यवस्था करून दिली होती. जुलाब कमी झाले, पण मुलांची उंची वाढली नाही. एका घराने स्वच्छता पाळून भागत नाही, आख्ख्या मोहल्ल्याची गटारे आणि पाण्याची लाइन नीट लागते. ते काम नगरपालिकेचे आहे आणि मतदान करताना ते लक्षात ठेवायला हरकत नाही. शाळेत 10 फेब्रुवारीला जंताची गोळी देतात. काही पालक घाबरून मुलाला त्या दिवशी घरीच ठेवतात. गोळी सुरक्षित आहे, ती खाऊ द्यावी. तिने उंची झपाट्याने वाढते असे नाही, पण जंत असलेल्या मुलाची भूक आणि रक्त सुधारते.

झोपेचे काय? उंची वाढवणारे संप्रेरक मेंदूच्या तळाशी असलेल्या एका वाटाण्याएवढ्या ग्रंथीतून निघते आणि त्याचा मोठा हिस्सा गाढ झोपेत, रात्रीच्या पहिल्या प्रहरात, बाहेर पडतो. आपल्या मुलांचा दिवस मात्र पाहावा. फजरनंतर मकतब, मग शाळा, दुपारनंतर ट्यूशन, मगरिबनंतर पुन्हा सबक, इशानंतर जेवण, मग साडेअकरापर्यंत मोबाईल. सहा तासांची झोपही नीट होत नाही, जेव्हा या वयाला नऊ-दहा तास लागतात. एखादी रात्र जागले म्हणून कोणी बुटके राहत नाही. पण वर्षानुवर्षे अर्धवट झोपणारे मूल धड जेवत नाही, खेळत नाही, आणि चिडचिडे होते ते वेगळेच. मकतब आणि ट्यूशन यांच्या वेळा ठरवणाऱ्या मंडळींनी एकत्र बसून यावर बोलावे, असे आम्हाला फार दिवसांपासून वाटते.

ड जीवनसत्त्वासाठी ऊन लागते. ते हाडात कॅल्शियम बसवते. आपल्याकडे एवढे ऊन असूनही त्याची कमतरता सर्रास आढळते, कारण दाटीवाटीच्या इमारतींत ऊन घरात येत नाही, काचेतून आलेल्या उन्हाचा याला उपयोग नाही आणि वयात आलेल्या मुली शाळेतून थेट घरात. पर्दा आणि ऊन यांचे वैर नाही. गच्चीवर, अंगणात, मुलींच्या शाळेच्या बंदिस्त मैदानात, बाह्या वर करून दुपारचे वीस-पंचवीस मिनिटे ऊन घेता येते. पाय वाकलेले असतील, मुलगी चालताना हाडे दुखतात म्हणत असेल तर डॉक्टरांना दाखवावे. मेडिकलमधून आठवड्याची पुडी आणून महिनोन्महिने स्वतःच्या मनाने देत राहू नये. हे जीवनसत्त्व जास्त झाले तर अपायही करते.

उंची वाढवण्याच्या पावडरींबद्दल सर्वांत जास्त विचारणा येते. हाड वाढते ते त्याच्या टोकाजवळ असलेल्या मऊ कूर्चेच्या पट्टीतून. वयात येण्याच्या शेवटी ती पट्टी हाडात मिसळून जाते. एकदा मिसळली की कोणतीही पावडर, कॅप्सूल, तेल, लटकण्याचा बार उंची वाढवू शकत नाही. आणि पट्टी उघडी असताना पावडर ज्या दुधात घालतात त्या दुधाचाच बहुतेक फायदा असतो. डब्यात बरीचशी साखर असते. 2024 च्या एप्रिलमध्ये केंद्र सरकारने ऑनलाइन विक्री करणाऱ्या कंपन्यांना अशी पेये 'हेल्थ ड्रिंक' या सदराखालून काढायला सांगितले, ते उगाच नव्हे. बिना लेबलच्या पुड्यांची भीती आणखी वेगळी आहे. भूक लागते, अंग भरते म्हणून दिल्या जाणाऱ्या काही पुड्यांत स्टेरॉइड मिसळलेले असते. त्याने मूल गुबगुबीत दिसते आणि उंची खुंटते. दम्याच्या पंपाची मात्र अशी भीती बाळगू नये. त्यातल्या औषधाने शेवटच्या उंचीत साधारण एक सेंटिमीटरचा फरक पडू शकतो, पण दमा मोकाट सोडला तर जिवावर बेतते.

झोपलेल्या मुलाला ओलांडले की उंची खुंटते, दप्तराच्या ओझ्याने मूल दबते, बास्केटबॉलने वाढते, या सगळ्या ऐकीव गोष्टी. बास्केटबॉलमध्ये उंच मुलांनाच घेतात, म्हणून ते खेळणारे उंच दिसतात. अलीकडे सजद्याने उंची वाढते असे व्हिडिओ फिरू लागले आहेत. नमाज अल्लाहसाठी पढायची असते, तिला व्यायामाच्या यादीत बसवायची गरज नाही.

काही पत्रांत चुलत-मामेभावंडांतल्या निकाहाचा प्रश्न असतो. 2015 मध्ये साडेतीन लाखांहून अधिक लोकांच्या माहितीवरून निघालेला अंदाज असा, की सख्ख्या चुलत किंवा मावस भावंडांच्या संततीची उंची सरासरी 1.2 सेंटिमीटरने कमी असते. एवढ्याशा फरकासाठी जमलेला रिश्ता मोडावा असे आम्ही म्हणणार नाही. घरात आधी एखादे मूल थॅलेसीमियाने किंवा तत्सम आजाराने गेले असेल तर मात्र निकाहाआधी तपासणी करून घ्यावी. तिथे प्रश्न सेंटिमीटरचा नसतो.

दादींच्या पत्राला आता उत्तर. मुलींची झपाट्याची वाढ अकरा-बाराच्या सुमारास होते, पाळी सुरू होण्याच्या आधी. त्या वर्षात आठेक सेंटिमीटरही वाढ होते. पाळी सुरू झाल्यानंतर साधारण पाच ते सात सेंटिमीटर शिल्लक असतात, बस. तुमच्या नातीला अकराव्या वर्षी पाळी आली आणि आता ती चौदाची आहे, म्हणजे तिची वाढ जवळजवळ पूर्ण झाली आहे. तिला पावडरी देऊ नका, रोज भिंतीला उभी करू नका, पाहुण्यांसमोर तो विषय काढू नका. तिच्या धाकट्या बहिणीकडे मात्र लक्ष द्या. आठ वर्षांच्या आत छाती दिसू लागली तर डॉक्टरांना दाखवायचे असते. अशी मुलगी आधी वर्गात सर्वांत उंच दिसते, सगळे खूश होतात, आणि मग दोन-तीन वर्षांत तिची वाढ संपूनही जाते.

मुलांचे उलट असते. त्यांचा वेग तेरा-चौदानंतर चढतो, आणि वर्षाला नऊ-दहा सेंटिमीटरपर्यंत जातो. काही घरांत पुरुष उशिराच वाढतात. अब्बूंना दाढी-मिशा कधी फुटल्या, कॉलेजात गेल्यावर ते वाढले होते का, हे दादीला विचारावे. तसे असेल तर नववीतला ठेंगणा मुलगा बारावीत भावाच्या बरोबरीला येण्याची शक्यता बरीच असते. पोलीस भरतीच्या पत्रातला मुलगा चौदाचा आहे आणि आवाज अजून फुटलेला नाही. भाई, त्याची धाव अजून सुरूच झालेली नाही.

काळजी केव्हा करायची, हे एकदा मोजून कळत नाही. उंचीपेक्षा वाढीचा वेग महत्त्वाचा. घरात एक वही ठेवावी आणि दर सहा महिन्यांनी मोजावे. चप्पल काढून, वेणी-अंबाडा सोडून, टाच, पाठ भिंतीला टेकवून, नजर समोर. डोक्यावर जाड पुस्तक भिंतीला काटकोनात धरून त्याच्या खालच्या कडेशी खूण करावी. दर वेळी एकाच वेळेला मोजावे, कारण सकाळपासून संध्याकाळपर्यंत माणूस जवळजवळ एक सेंटिमीटर दबतो. पाच वर्षांपासून वयात येईपर्यंत मूल वर्षाला चार-पाच सेंटिमीटरही वाढत नसेल, किंवा वर्गात सगळ्यांत बुटके असून घरच्यांच्या उंचीशीही जुळत नसेल, तर बालरोगतज्ज्ञांकडे जावे. पाच वर्षांवरच्या मुलांसाठी भारतीय बालरोग संघटनेचे 2015 चे तक्ते आहेत. डॉक्टर त्यावर नोंद करून देतात.

तपासणीत थायरॉईड, रक्त, किडनी, गहू न पचण्याचा सीलिअ‍ॅक आजार, मुलींमध्ये टर्नर सिंड्रोम पाहतात, आणि डाव्या मनगटाचा एक्स-रे काढतात. त्यावरून हाडांचे वय कळते आणि किती वाढ शिल्लक आहे याचा अंदाज येतो. वाढीच्या संप्रेरकाची खरीच कमतरता निघाली तर त्याचे इंजेक्शन असते. ते महाग आहे, बहुधा रोज रात्री काही वर्षे घ्यावे लागते आणि कूर्चेची पट्टी उघडी असेपर्यंतच कामाचे असते. म्हणून सोळा-सतराव्या वर्षी, भरतीचा फॉर्म हातात घेऊन डॉक्टरांकडे जाण्यापेक्षा सात-आठव्या वर्षी गेलेले बरे. जाताना उंचीची वही, जन्माचे वजन लिहिलेले कार्ड, आधीची औषधे आणि दोघा पालकांची मोजलेली उंची सोबत न्यावी.